तेल-पाण्याच्या खड्ड्यातला पंप: फ्लोटच्या जागी सेन्सर बसवायचा आहे, अनुभव सांगा

लेथवाला
नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत माझं छोटं वर्कशॉप आहे. चार सीएनसी, एक जुनी होनिंग मशीन (ट्यूब आतून घासून गुळगुळीत करणारी) आणि पार्ट धुवायची टाकी. हायड्रॉलिक सिलिंडरच्या ट्यूब आणि रॉड करून देतो. फरशी धुतलेलं, पार्ट धुतलेलं आणि कॉम्प्रेसरचं निथळलेलं पाणी मागच्या तीन कप्प्यांच्या खड्ड्यात जातं. पहिल्यात गाळ बसतो, दुसऱ्यात तेल वर येतं, तिसऱ्यात पंप आहे. पंपाला केबलचा साधा फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा स्विच आहे. पाणी चढलं की सुरू, उतरलं की बंद.

गेल्या आठवड्यात रात्रभर पाऊस लागला होता. त्यात करंट तीनदा गेला. पहाटे करंट आला तेव्हा खड्डा काठोकाठ होता, फ्लोट वर होता, पंप आपोआप सुरू झाला. सकाळी सात वाजता जाऊन बघतो तर गटारावर इंद्रधनुष्यासारखा तवंग, पार कोपऱ्यापर्यंत. आम्ही चौघांनी लाकडाचा भुसा टाकून मिळेल तेवढं उचललं, पण जे रात्रीतच वाहून गेलं ते गेलं. झाकण काढून फ्लोट वर घेतला तर त्याच्यावर बोटभर जाडीचं काळं ग्रीस बसलेलं आणि केबल डिलिव्हरी पाइपला चिकटलेली. म्हणजे फ्लोट खाली उतरलाच नव्हता. पंप तळापर्यंत ओढत राहिला आणि वरचा तेलाचा थर पाण्यामागोमाग निघून गेला.

हे परत होता कामा नये. सेन्सर कोणता बसवू? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

वायंडिंगकाका
आधी हे सांगा, पंप कुठला आहे, आणि पत्र्यावरचं पाणी कुठं जातं? फ्लोट चिकटला हे खरं, पण रात्रभराच्या पावसाचा आणि तुमच्या खड्ड्याचा संबंध काय?

लेथवाला
काका, पंप एक एचपीचा साधा सेंट्रिफ्यूगल. आणि पत्र्याची एक पन्हाळ मागच्या बाजूला त्याच खड्ड्यात सोडलेली आहे. जागा घेतली तेव्हापासून तशीच आहे. शेड साधारण २०० चौरस मीटर, त्यातला अर्धा उतार त्या बाजूला.

वायंडिंगकाका
मग सेन्सरच्या आधी पन्हाळ काढा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. अर्धा पत्रा म्हणजे १०० चौरस मीटर. रात्रीत ५० मिमी पडला तर ५,००० लिटर स्वच्छ पाणी तुम्ही तेलाच्या खड्ड्यात ओतलं. आपल्या बेळगावात ५० मिमीची रात्र म्हणजे पावसाळ्यात नवलाची गोष्ट नाही. कप्प्यांमध्ये पाण्याला थांबायला वेळच मिळाला नाही तर तेल वर येणार कधी? कितीही भारी सेन्सर बसवलात तरी हे सुटणार नाही.

दुसरं, पंप बदला. सेंट्रिफ्यूगलचा पंखा तेल-पाणी घुसळतो, ताक घुसळल्यासारखं. एकदा तेलाचे बारीक थेंब झाले की ते लवकर वर येत नाहीत. तिसऱ्या कप्प्यातून बाहेर जाताना एक वेळ चालेल, पण खड्ड्यात पाणी आणणाऱ्या बाजूला असला पंप कधीच नको. तिथं मोनो पंप (रबरात फिरणाऱ्या स्क्रूचा) किंवा डायफ्रॅम पंप (पडदा हलवून पाणी ढकलणारा) लावायचा, हळू चालणारा. मोनो घेतलात तर तो कोरडा चालता कामा नये एवढं सांभाळा. आतलं रबर थोड्या वेळात जळतं. मी असे किती तरी उघडलेत.

खानापूरकर
काकांशी पूर्ण सहमत. मी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये आहे, आता सेन्सरचं बोलतो. लांबेल, पण विषयच तसा आहे.

फ्लोट फक्त एक गोष्ट सांगतो: इथपर्यंत काहीतरी पातळ पदार्थ आहे. तो पाणी आहे की तेल, हे त्याला कळत नाही. तुम्हाला हवं आहे ते वेगळं. पंपाच्या तोंडाशी पाणी असेल तरच पंप चालावा, तेल खाली आलं की थांबावा. त्यामुळे पातळी मोजणारं नव्हे, पाणी आणि तेल वेगळं ओळखणारं काहीतरी हवं.

सगळ्यात स्वस्त आणि तुमच्या कामाला पुरेसं म्हणजे इलेक्ट्रोड. स्टीलच्या तीन सळ्या आणि एक रिले, म्हणजे सळ्यांकडून इशारा आला की पंप चालू-बंद करणारा स्विच. बोअरवेलच्या पॅनेलमध्ये असतं तेच. पाण्यातून वीज जाते, तेलातून जात नाही. पाण्यात सळ्या बुडाल्या की रिलेला सर्किट पूर्ण दिसतं, तेलात किंवा हवेत असल्या की तुटलेलं दिसतं. रिले सळ्यांना एसी देणारा घ्या. डीसी दिलं तर सळीवर क्षार चढतात आणि ती झिजते.

जोडणी अशी. एक सळी सगळ्यात लांब, ती सामाईक. दुसरी पंपाच्या तोंडापासून निदान २५ सेंटिमीटर वर संपणारी, ती थांबवायची. तिसरी त्याच्या ४० सेंटिमीटर वर, ती सुरू करायची. पाणी चढून वरच्या सळीला लागलं की पंप सुरू. पाणी उतरताना वरचा तेलाचा थरही खाली येतो. तेल-पाण्याची सीमा खालच्या सळीच्या टोकाशी आली की टोक तेलात जातं, सर्किट तुटतं, पंप थांबतो. तेलाचा थर खड्ड्यातच राहतो. वायर तुटली तरी सर्किट तुटलेलंच दिसणार, म्हणजे तेव्हाही पंप बंदच. हा या पद्धतीचा मोठा गुण आहे.

आता दोष. तेलाचा थर खूप जाड झाला तर वरच्या सळीला पाणी लागणारच नाही, पंप सुरू होणार नाही, खड्डा भरून वाहील. म्हणून अगदी वर एक फ्लोट ठेवाच, पण तो भोंग्याला जोडा. पंपाला अजिबात जोडू नका. भोंगा वाजला की माणसानं जाऊन तेल काढायचं.

नवाउद्योजक
अल्ट्रासॉनिक का नको? वरून लावला की तेलाला शिवतही नाही, साफ करायची भानगड नाही.

खानापूरकर
तो वरचा पृष्ठभाग बघतो. वर तेल असो वा पाणी, त्याला सारखंच. शिवाय पार्ट धुवायच्या साबणाचा फेस आला की आवाज त्यातच जिरतो. तळाशी बसवायचा प्रेशर सेन्सरही इथं फसतो. ०.८७ घनतेचं १०० मिमी तेल त्याला ८७ मिमी पाणी वाटतं. गायडेड वेव्ह रडार, म्हणजे सळीवरून रेडिओ लहर सोडून तिचं परतणं मोजणारा सेन्सर, मात्र दोन्ही दाखवतो. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (जितका जास्त तितकी लहर जोरात परतते) साधारण ८०, तेलाचा २ च्या आसपास. त्यामुळे थोडा सिग्नल तेलाच्या वरच्या बाजूवरून परततो आणि उरलेला तेलातून जाऊन पाण्यावर आपटून परततो. रिफायनरीत उत्तम. चार मशीनच्या वर्कशॉपला तेवढा खर्च नको.

शिवारातली
मी तुमच्यासारखी इंजिनीअर नाही. आमचं रान वडगावच्या शिवारात, बळ्ळारी नाल्याला लागून. हा धागा मुलानं दाखवला म्हणून लिहिते.

पावसाळ्यात नाला फुगला की पाणी आमच्या भातात शिरतं, हे सगळ्या बेळगावाला माहीत आहे. नुसतं पाणी आलं तर दोन-चार दिवसांनी ओसरतं, रोप तग धरतं. तेल आलं की तसं होत नाही. पाणी उतरतं तसा तवंग रोपांच्या बुडाला चिकटत खाली येतो. सगळ्या काड्यांवर एकाच उंचीवर काळी रेघ. वाकून रोप धरलं की हाताला लागतं, घरी येऊन साबणानं धुतलं तरी वास जात नाही. बैलाला त्या बांधावरचं गवत घालायला धीर होत नाही. माझ्या सासऱ्यांच्या वेळी इथं बासमतीचा वास रस्त्यापर्यंत यायचा.

लेथवाला दादा, तुमचंच तेल आमच्याकडे आलं असं मी म्हणत नाही, कुणाचं येतं ते आम्हाला कुठं कळणार. पण तुमचा पंप बिघडला तो पावसातच. आमच्याकडे पाणी शिरतं तेही पावसातच. जे काही बसवाल ते कोरड्या दिवशी चालून उपयोग नाही, भर पावसात, करंट जात-येत असताना चाललं पाहिजे. एवढंच सांगायचं होतं.

लेथवाला
ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. कामगारांनाही वाचून दाखवलं. माझ्या खड्ड्यातून तेल गेलं ही माझी चूक आहे आणि त्यात काही आडपडदा नाही. पन्हाळ आज तोडली, पत्र्याचं पाणी समोरच्या बाजूला वळवलं. सेन्सर बसून त्याची चाचणी होईपर्यंत पंपाचा स्विच ऑटोवरून काढून कुलूप लावलं आहे. मी स्वतः झाकण उघडून बघितल्याशिवाय पंप चालू होणार नाही.

यार्डातला
ताईंचा मुद्दा नेमका आहे. माझी सगळी नोकरी वीज सबस्टेशनमध्ये झाली. मोठ्या ट्रान्सफॉर्मरखाली तेल साठायचा खड्डा असतो. ट्रान्सफॉर्मर फुटला तर हजारो लिटर तेल त्यात उतरावं म्हणून. पण वर छप्पर नाही, त्यामुळे वर्षभर त्यात पावसाचं पाणी. ते उपसून खड्डा रिकामा ठेवला नाही तर गरजेच्या वेळी तेलाला जागा नाही. आणि उपसताना तेल गेलं तर शेजारच्या ओढ्यात. तुमच्यासारखीच अडचण, फक्त आकार मोठा.

अनुभवातून दोन गोष्टी सांगतो. करंट आल्या आल्या पंप सुरू होऊ देऊ नका. करंट नसताना काय काय झालं ते पॅनेलला माहीत नसतं. टायमर लावून निदान दहा मिनिटं थांबवा. ढवळलेलं पाणीही तेवढ्यात जरा निवळतं. आणि खालच्या सळीनं पंप थांबवला की तो आपोआप पुन्हा सुरू होता कामा नये, कारण टोक तेलात आहे की हवेत हे तिला कळत नाही. पिवळा दिवा लागावा, माणसानं येऊन बघावं आणि हातानं रिसेट करावं. रिसेटचं बटण खड्ड्याजवळ बसवा, ऑफिसात नको. ऑफिसात असलं की न बघता दाबलं जातं.

खानापूरकर
अगदी बरोबर. त्यात एक जास्तीत जास्त वेळेचा टायमरही घाला. खड्डा किती लांब-रुंद आहे?

लेथवाला
तिसरा कप्पा १.२ मीटर बाय १ मीटर, खोली दीड मीटर. काकांच्या सांगण्यावरून मिनिटाला ६० लिटरचा मोनो बघितला आहे.

खानापूरकर
मग वरची आणि खालची सळी यांच्यात ४० सेंटिमीटर म्हणजे ४८० लिटर. पंपाला आठ मिनिटं लागतील. बारा मिनिटं झाली तरी चालूच असेल तर काहीतरी बिघडलंय, टायमरनं बंद करून भोंगा द्यायचा. सळ्यांमध्ये ओला गाळ अडकून खोटंच "पाणी आहे" दिसत असेल, तर तुम्हाला वाचवणारा हाच टायमर.

वायंडिंगकाका
लाटांनी रिले फडफडायला नको म्हणून सळ्या चार इंची पीव्हीसी पाइपात उभ्या करा. विहिरीत आम्ही तसंच करतो. तेलही सळीला लागणार नाही.

खानापूरकर
काका, तुमच्या अनुभवापुढे मी लहान आहे, पण इथं पाइप घातक ठरेल. खाली तोंड उघडं असलेला पाइप पाण्यात उभा केला की आत खालून पाणीच शिरतं. बाहेर वरून तेल साठत जातं, पाइपात मात्र स्वच्छ पाणी. सळी आत, त्यामुळे ती "पाणी आहे" असंच सांगत राहणार. विहिरीत सगळंच पाणी असतं म्हणून तिथं चालतं. लाटांसाठी रिलेला पाच सेकंदांचा उशीर द्या, तेवढा पुरतो.

वायंडिंगकाका
होय की. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. चांगलं झालं बोललास.

लेथवाला
काल रात्री हे प्रत्यक्ष करून बघितलं. काचेची मोठी बरणी घेतली, पाणी भरलं, मधे पारदर्शक पाइपाचा तुकडा उभा धरला आणि बाहेरच्या बाजूनं वापरलेलं हायड्रॉलिक तेल ओतलं. बाहेर चार बोटं काळं तेल आणि पाइपात नितळ पाणी! शिवाय पाइपातली पातळी बाहेरच्यापेक्षा थोडी खाली. पट्टी लावून मोजली, सेंटिमीटरभर फरक. कामगार सगळे गोळा झाले होते. नुसतं वाचून मला हे पटलं नसतं.

खानापूरकर
छान. तो फरकही हिशोबात बसतो. तेल हलकं असल्यामुळे १०० मिमी तेल ८७ मिमी पाण्याला तोलतं, म्हणजे बाहेर १३ मिमी जास्त. दुसऱ्या कप्प्यात तेल वाहून जायचा काठ पाण्याच्या काठापेक्षा थोडा उंच ठेवतात तो याच कारणानं.

मशीनशॉप_मच्छे
एक महत्त्वाचं राहिलं. सीएनसीचं कूलंट (कापताना हत्यार थंड ठेवणारं पाणी) कुठं सोडता? ते दुधासारखं पांढरं असतं. त्यात तेल आहे, पण ते पाण्यात विरघळल्यासारखं मिसळलेलं. तुमच्या सळीला ते पाणीच वाटणार, कारण वीज त्यातून जाते.

खानापूरकर
हा मुद्दा मीच आधी लिहायला हवा होता. थेंब वर येण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतो. १५० मायक्रॉनचा थेंब स्थिर पाण्यात एक मीटर चढायला साधारण १० मिनिटं घेतो. १५ मायक्रॉनचा तेवढंच अंतर चढायला १७ तासांच्या वर घेतो. कूलंटमधले थेंब त्याहून कितीतरी बारीक, आणि त्यात ते एकत्र येऊ नयेत म्हणून मुद्दाम रसायन घातलेलं. ते खड्ड्यात कधीच वेगळं होणार नाही. कूलंट वेगळ्या पिंपात गोळा करा. आम्ल किंवा तुरटीनं फोडून मगच पुढची प्रक्रिया होते, आणि ती परवानगी असलेल्याकडूनच करून घ्या.

सळीवर किती भरवसा ठेवायचा तेही सांगतो. नाल्यात किंवा नदीत सोडायच्या पाण्यात तेल-ग्रीसची मर्यादा लिटरला १० मिलीग्रॅम आहे. तुमच्या ४८० लिटरच्या एका उपशात ते पाच ग्रॅमसुद्धा होत नाही, चमचाभर. एवढं कमी तेल सळीला दिसत नाही. सळी तेलाचा थर जाऊ देत नाही, एवढंच तिचं काम. पाणी मर्यादेत आहे का, हे नमुना लॅबला देऊनच कळतं.

हायवे_निपाणी
माझं हायवेला गाड्या धुवायचं सेंटर आहे, शेजारी गॅरेज. हीच तीन सळ्यांची जोडणी मी केली तर चालेल का? आमच्या खड्ड्यात कधी डिझेल, कधी पेट्रोलही येतं.

खानापूरकर
अशीच्या अशी नको दादा. पेट्रोलची वाफ शून्याच्या खाली तापमान असतानाही पेट घेऊ शकते आणि ती हवेपेक्षा जड, खड्ड्यातच साचून राहते. तिथं साधा रिले, साधा फ्लोट, साधी मोटर यातल्या कशाचीही ठिणगी पुरेशी आहे. सळ्यांना इंट्रिन्सिकली सेफ बॅरियर (ठिणगी पडेल एवढी वीज जाऊच न देणारा), मोटर फ्लेमप्रूफ (आतली आग बाहेर येऊ न देणारी), पॅनेल खड्ड्यापासून लांब आणि काम जाणकार माणसाकडून. त्याहून आधी गॅरेजवाल्याशी बोला आणि पेट्रोल खड्ड्यात येणं बंद करा. टाकी काढताना खाली ट्रे धरला की झालं.

हायवे_निपाणी
बरं झालं विचारलं. उद्याच बोलतो.

लेथवाला
तीन आठवड्यांनी लिहितोय. सेन्सर बसवला. सळ्यांवर टेफ्लॉनची नळी चढवली, फक्त टोकाचं इंचभर स्टील उघडं. तिन्ही एकमेकींपासून वीतभर लांब. टायमर, पिवळा दिवा, भोंगा, खड्ड्याजवळ रिसेट, सगळं सांगितल्याप्रमाणे केलं.

पहिल्या आठवड्यात एक अडचण आली. पाणी चढलेलं असून पंप सुरूच होईना. वरची सळी बाहेर काढली तर टोकावर चिकट तेलाचा पापुद्रा. पाणी चढताना तेलाचा थर आधी तिला लागतो आणि चिकटून बसतो. साबणाच्या पाण्यानं फडक्यानं पुसली, लगेच सुरू झाला. आता दर सोमवारी आणि शुक्रवारी पुसायचं काम ठरवून दिलंय, भिंतीवरच्या कॅलेंडरवर सही होते. दुसऱ्या कप्प्यात पट्ट्याचा स्किमर (फिरत्या पट्ट्याला तेल चिकटवून बाहेर काढणारा) लावला, त्यामुळे तिसऱ्यात तेल येणंच कमी झालंय. काढलेलं तेल झाकणाच्या पिंपात. ९० दिवसांच्या आत परवानाधारक रिसायकलरकडे द्यायचं म्हणून पिंपावर तारीख लिहिली आहे. कूलंटचं पिंप वेगळं.

यार्डातला
सळी पुसल्यावर दर वेळी एक चाचणी घ्या. पंप चालू असताना खालची सळी उचलून पाण्याबाहेर धरा, पंप थांबायलाच हवा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

लेथवाला
होय काका, आजपासून तेही कॅलेंडरवर.

लेथवाला
परवा रात्रीचा पाऊस सगळ्यांनी बघितलाच. आमच्याकडे करंट दोनदा गेला. मला झोप लागेना, साडेपाचला वर्कशॉपवर गेलो. पिवळा दिवा लागलेला, पंप बंद. बॅटरीच्या उजेडात झाकण उघडलं. पाणी पुन्हा वरच्या सळीच्या वर चढलेलं, त्यावर साधारण अर्ध्या बोटाचा तेलाचा थर. स्किमर करंट नसल्यामुळे थांबला होता, म्हणून तेवढं तेल पुढं आलं. डब्यानं वरचं तेल काढलं, वीस लिटरचा कॅन अर्धा भरला. सळी पुसली, रिसेट दाबलं, पंप सुरू झाला आणि सात-आठ मिनिटांत आपला आपण थांबला. मग गटाराच्या कडेनं कोपऱ्यापर्यंत चालत गेलो. पाणी गढूळ होतं, पण तवंग कुठंही नव्हता.

शिवारातली
नाल्याचं पाणी काल आमच्या खालच्या दोन वाफ्यांत शिरलं होतं. आज उतरलं. मी जाऊन रोपं हातानं चाचपून आले. काळी रेघ आहे, पण थोड्याच रोपांवर. तुमच्यासारखी आणखी किती वर्कशॉप त्या बाजूला आहेत दादा?

लेथवाला
ताई, माझ्या गल्लीत अकरा. रविवारी सगळ्यांना माझ्याकडे खड्डा बघायला बोलावलंय. बरणी आणि पाइपाचा तुकडाही ठेवलाय दाखवायला. तुम्ही आणि मुलगा येऊ शकाल का? सकाळी दहा वाजता.

शिवारातली
येतो. येताना त्या रोपांची एक मूठ घेऊन येते.